न पाहिलेलं माहेर

रेकॉर्ड ठरलेल्या जागी उडी मारायची. ध्रुवपदाच्या शेवटी गायक ‘मदर’ म्हणायचा आणि सुई टुणकन पुढे जाऊन पडायची. ‘मॅक्री’ हा पुढचा शब्द त्या तबकडीवर उरलाच नव्हता. तो आमच्या शेजारीणबाई म्हणायच्या. बटाटे सोलता सोलता, मान वर न करता, सुराला जरा इकडेतिकडे पण वेळेला चोख. मग दुसरं कडवं सुरू. इतकी वर्षं हे चाललं होतं की तो शब्द गायकाचा राहिलाच नव्हता.

आम्ही १९९८ साली बॉस्टनच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका गावात घर घेतलं. या किनारपट्टीला लोक थट्टेनं ‘आयरिश रिव्हिएरा’ म्हणतात, हे घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं. ते टपालपेट्यांवरच्या नावांवरून आणि मार्चमध्ये दारोदार लागणाऱ्या हिरव्या झेंड्यांवरून हळूहळू कळलं. पुढे लेक शाळेत जायला लागली. तिची बस दुपारी तीनला यायची आणि मी सहाला. मधले तीन तास ती शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात असायची. बाई तेव्हा सत्तरीच्या. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्या मला ‘डिअर’ म्हणत, आणि मी त्यांना शेवटपर्यंत ‘मिसेस’ लावूनच हाक मारली. वयानं आईएवढ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारणं मला अमेरिकेत पंचवीस वर्षं राहूनही जमलेलं नाही.

त्या स्वयंपाकघरात एक जुना रेकॉर्ड प्लेयर होता, ७८ च्या वेगावर चालणारा. गाणी सगळी एका जातीची. गायक जॉन मॅकॉर्मॅक, बिंग क्रॉस्बी, डेनिस डे. पांढऱ्या केसांची आई, हिरवं बेट, खाडीवर मावळणारा सूर्य, हसणारे डोळे आणि त्याच डोळ्यांत पाणी. खरं सांगायचं तर मला ही गाणी आवडायची नाहीत. श्रीखंडावर पुन्हा पिठीसाखर पेरावी तशी. माझं माहेर रत्नागिरीकडचं, आणि ते मला दर रविवारी फोनवर सापडतं. तिथे कौलं फुटलेली असतात, मोहोर उशिरा आलेला असतो, सामाईक विहिरीवरून भावाचं कुणाशी तरी बिनसलेलं असतं. माहेराबद्दल इतकं गोड बोलायला माणसाला बराच काळ माहेराचा फोन आलेला नसावा लागतो, असं मी मनात म्हणायचे.

एके दिवशी बाईंनी पियानोच्या बाकाचं झाकण उघडून आतली जुनी स्वरलिपीची पानं दाखवली. त्यांच्या आईनं घेतलेली. वरच्या पानावर हिरव्या शाईत वेलबुट्टी, खाली छोट्या अक्षरांत नावं. ती नावं वाचताना माझं कुतूहल चाळवलं.

‘मदर मॅक्री’ १९१० चं. शब्द रायडा जॉन्सन यंग या बाल्टिमोरच्या बाईंचे, चाल चॉन्सी ओल्कॉट आणि अर्नेस्ट बॉल यांची. बॉल ओहायोतल्या क्लीव्हलँडचा. जगभर सेंट पॅट्रिक्स डेला जे गाणं लोक गळ्यात गळे घालून म्हणतात, ‘व्हेन आयरिश आइज आर स्मायलिंग’, तेही याच बॉलचं, १९१२ चं. त्याचे शब्द ओल्कॉट आणि जॉर्ज ग्राफ यांचे, आणि या ग्राफनं आयर्लंडमध्ये कधी पाऊलही ठेवलं नव्हतं असं सांगतात. ‘टूरा-लूरा-लूरल’ ही ‘आयरिश अंगाई’ १९१३ ची, मिशिगनमध्ये जन्मलेल्या जेम्स रॉइस शॅननची. ‘टूरा-लूरा’चा आयरिश भाषेत काहीही अर्थ होत नाही. ‘आयर्लंड मस्ट बी हेवन, फॉर माय मदर केम फ्रॉम देअर’ हे १९१६ चं गाणं, म्हणजे ‘आयर्लंड स्वर्गच असणार, माझी आई तिथून आली’. त्याला चाल लावली फ्रेड फिशरनं. तो जर्मनीतल्या कलोनचा ज्यू. आणि ‘आय विल टेक यू होम अगेन, कॅथलीन’? ते १८७५ साली टॉमस वेस्टेनडॉर्फ नावाच्या माणसानं इंडियानातल्या प्लेनफील्डमध्ये लिहिलं, जिथे तो मुलांच्या सुधारगृहात शिकवायचा. घराणं जर्मन, बायकोचं नाव जेनी. कॅथलीन कुणी नव्हतीच.

मी हे सगळं इंटरनेटवरून शोधून, जरा विजयी मुद्रेनं बाईंना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पण डिअर, मी तरी कुठे आयर्लंडमध्ये वाढले?”

त्यांचा जन्म १९३२ चा, बॉस्टनमधल्या डॉर्चेस्टरचा. आई गॉलवेकडच्या कॉनमारातली. अठराव्या वर्षी एकटी बोटीत बसून आली आणि बॉस्टनमधल्या एका बड्या घरात स्वयंपाकाला राहिली. मला वाटलं होतं हे धाडस तिचं एकटीचं. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आयर्लंडहून निघणाऱ्यांत जवळपास निम्म्या बायका, आणि त्यातल्या बहुतेक बिनलग्नाच्या मुली. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या देशातून मुली अशा, एवढ्या संख्येनं एकट्या निघाल्या नाहीत. आधी थोरली जायची, परक्यांची भांडी घासून पैसे पाठवायची, त्यातून धाकटीचं तिकीट निघायचं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. पण दुष्काळ संपला म्हणून बोटी थांबल्या नाहीत. १८४१ मध्ये ऐंशी लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये पंचेचाळीस लाखांच्या आत आली होती.

निघायच्या आदल्या रात्री घरी ‘अमेरिकन वेक’ व्हायचं. ‘वेक’ म्हणजे प्रेताशेजारी जागवलेली रात्र. इथे प्रेताच्या जागी जिती मुलगी. शेजारी जमायचे, सारंगीसारखं फिडल वाजायचं, नाच व्हायचा, आणि पहाटे आई हंबरडा फोडायची, कारण ही परत दिसणार नाही हे दोघींना ठाऊक असायचं. बाईंच्या आईचं असंच झालं होतं. आजी आणि आई पुन्हा भेटल्या नाहीत. पत्रं यायची, नाताळला पैसे जायचे. बाई म्हणायच्या, “आमची आई ते दुःख बोलायची नाही. ती रेकॉर्ड लावायची.”

आता हे लक्षात घ्या की ज्या मुली खरोखर गाव सोडून आल्या, त्यांचं स्वतःचं संगीत वेगळंच होतं. ते फिडलचं, पाइप्सचं, नाचाच्या ठेक्याचं. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्मलेला फ्रान्सिस ओनील शिकागोचा पोलीसप्रमुख झाला आणि गुन्हेगारांबरोबर चालीही पकडत बसला. १९०३ साली त्यानं १८५० चालींचा जाडजूड संग्रह छापला. स्लायगोचा मायकल कोलमन १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फिडलच्या रेकॉर्डी करत होता. त्या रेकॉर्डी बोटीनं आयर्लंडला परत गेल्या आणि तिथले वादक त्यावरून शिकले. मला विचाराल तर संगीत म्हणून ते कितीतरी वरचं. पण त्यात रडायला शब्द नव्हते. शब्द न्यूयॉर्कमधल्या पश्चिम अठ्ठाविसाव्या रस्त्यावर तयार होत. त्याला ‘टिन पॅन ॲली’ म्हणत. खिडक्याखिडक्यांतून पियानो वाजत असायचे, ते एकत्र ऐकले की डबे बडवल्यासारखं वाटायचं म्हणून. बॉलला पगारावर ठेवणारी विटमार्क ही कंपनी एका ज्यू कुटुंबाची. म्हणजे इकडे नुकतेच आलेले ज्यू, तिकडे जरा आधी आलेले आयरिश. १९१२ साली तर ‘आयरिश आणि ज्यू नसते तर या देशाचं काय झालं असतं’ अशा अर्थाचं गाणंच निघालं. विल्यम जेरोम आयरिश वंशाचा, चाल देणारा जीन श्वार्ट्झ बुडापेस्टचा. दोघांनी आपली जाहिरात आपणच करून घेतली.

गिऱ्हाईक कोण? तर मोलकरणीची मुलगी. आईनं दुसऱ्याच्या घरात पियानो पुसलेला, मुलीच्या घरात तो हप्त्यानं आलेला. खिडकीला लेसचे पडदे. ‘लेस कर्टन आयरिश’ हा शब्दच त्यावरून रूढ झाला, अर्धा कौतुकाचा, अर्धा टोमण्याचा. या मुलीला आयरिश म्हणवून घ्यायचं होतं, पण रंगभूमीवरचा आयरिश माणूस पाहून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दारू पिणारा, मारामाऱ्या करणारा, माकडासारखं तोंड करणारा तो ‘स्टेज आयरिश’ विनोदी नाटकांतून पन्नास वर्षं धिंगाणा घालत होता. तिला दुसरा आरसा हवा होता. ओल्कॉटनं तो दिला. हा बफेलो शहरात १८५८ साली जन्मलेला, आई आयर्लंडची. सुरुवात त्यानं तोंडाला काळं फासून, काळ्या लोकांची चेष्टा करणाऱ्या मिन्स्ट्रल खेळांत केली. स्वतःची चेष्टा थांबवायला निघालेल्या माणसाचा हा आधीचा धंदा होता, हे विसरू नये. पुढे मखमली कोट घालून, हळुवार आवाजात गाणारा देखणा आयरिश नायक त्यानं उभा केला. १८९९ चं ‘माय वाइल्ड आयरिश रोझ’ त्याचंच. आयर्लंडच्या प्रवासात एका पोरानं त्याच्या बायकोला रानटी फूल दिलं, नाव विचारल्यावर ‘रानातला आयरिश गुलाब’ म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. खरी असेलही. गाण्याच्या जन्मकथा माझ्या मते पहिल्या प्रयोगानंतर जन्मतात.

मॅकॉर्मॅकची बात मात्र न्यारी. तो खराखुरा तिथला, अ‍ॅथलोनचा, लोकरीच्या गिरणीत काम करणाऱ्याचा मुलगा. १९०३ साली डब्लिनच्या ‘फेश क्योल’ या संगीत स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत जेम्स जॉइस, पुढे कादंबरीकार झालेला, उतरला होता. समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी वाचून गायला त्यानं नकार दिला आणि कांस्यपदकावर घरी गेला. साहित्याचं भलं झालं. १९०४ मध्येच मॅकॉर्मॅक सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात ‘आयरिश खेड्या’त गायला गेला, आणि तिथे तोच विदूषकी ‘स्टेज आयरिश’ नाचवताहेत हे पाहून काम सोडून निघून गेला. मग मिलानमध्ये शिक्षण, १९०७ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरात पदार्पण, १९०९ ला न्यूयॉर्कचा ऑपेरा. १९१६ ची त्याची मोझार्टची एक रेकॉर्ड आहे, ‘इल मिओ तेसोरो’. त्यात एक लांबलचक तानेसारखी ओळ तो एका श्वासात घेतो, आणि श्वास संपत आलाय हे कळूही देत नाही. अजूनही गाणं शिकणाऱ्यांना ती ऐकवतात.

आणि असा माणूस ‘मदर मॅक्री’ गातो. जाणकारांनी नाकं मुरडली. आपल्याकडे भावगीत गाणाऱ्या शास्त्रीय गायकाकडे बघून मुरडतात तशीच. पण तो मैफलीत आधी हँडेल-मोझार्ट गायचा, मग जर्मन गीतं, मग आयरिश लोकगीतं, आणि शेवटी ही. मी बाईंकडे ती रेकॉर्ड पन्नासदा तरी ऐकली असेन. त्यानं मोझार्टला जेवढी काळजी दिली तेवढीच या साखरेच्या गाण्याला दिली आहे. प्रत्येक शब्द असा स्वच्छ की इंग्रजी कच्चं असणाऱ्यालाही कळावा. आवाज चढवायच्या जागी तो उलट बारीक करतो, विडीच्या शेवटच्या धुरासारखा. माझा विरोध तिथे मावळला, हे कबूल करते. गाणं तेच राहिलं, गाणाऱ्यानं त्याला वर उचललं.

क्रॉस्बीचा किस्सा वेगळा. त्याच्या आईचं माहेरचं नाव हॅरिगन, पण तो वाढला देशाच्या पार पश्चिम टोकाला. मायक्रोफोन आल्यामुळे त्याला सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी गायची गरजच नव्हती, तो कानाशी गायचा. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’ या सिनेमात तो तरुण पाद्री आहे. शेवटी म्हाताऱ्या पाद्र्याची आई, नव्वदी ओलांडलेली, आयर्लंडहून आणवतात. मुलं ती टूरा-लूरा अंगाई गातात आणि म्हातारा आईच्या मिठीत शिरतो. त्या वर्षीचं ऑस्कर क्रॉस्बीला मिळालं. बाई तो सिनेमा लावायच्या आणि त्या प्रसंगाला हमखास उठून चहा ठेवायला जायच्या. म्हणायच्या, पुढचं पाठ आहे. त्यांच्या आजीसाठी असं तिकीट कुणी काढलं नव्हतं.

क्रॉस्बीच्याच ‘गॉलवे बे’ची एक गोष्ट मला फार लागली. गाणं लिहिलं आर्थर कोलाहान नावाच्या, गॉलवेत वाढलेल्या आणि इंग्लंडमध्ये लेस्टरला स्थायिक झालेल्या डॉक्टरनं. त्यात बटाटे खणणाऱ्या बायका ‘इंग्रजांना न समजणारी भाषा’ बोलतात. क्रॉस्बीनं रेकॉर्ड करताना ‘इंग्रज’ काढून ‘परके’ घातलं, उगाच वाद नको म्हणून. परक्यांना न समजणारी भाषा! बाईंची आई नेमक्या त्याच भाषेत वाढली होती आणि तिनं ती मुलांना शिकवली नाही. इंग्रजी नीट आलं पाहिजे, बस्स. म्हणजे ती ओळ ऐकताना त्या स्वयंपाकघरातले परके कोण होते? बाई स्वतःच.

भाषा गेली तरी काही शब्द राहिले, आणि ते या गाण्यांत सुकवून ठेवल्यासारखे सापडतात. ‘मॅक्री’ म्हणजे मूळ आयरिशमधलं ‘मो ख्री’, माझ्या काळजा. ‘मकुश्ला’ म्हणजे माझी नाडी. ‘अस्थोर’ म्हणजे माझ्या ठेव्या, आपलं ‘सोन्या’ तसं. ‘अलाना’ म्हणजे बाळा. व्याकरण गेलं, शिव्याही गेल्या, लाडाचे शब्द तेवढे उरले. बाई माझ्या लेकीला ‘अलाना’ म्हणायच्या आणि मला कित्येक महिने वाटत होतं की त्या तिला चुकून दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारतात.

साठीला टेकल्यावर बाई एकदाच आयर्लंडला गेल्या होत्या. गॉलवेतल्या एका पबमध्ये पोरगा गिटार घेऊन बसला होता. त्याला त्यांनी ‘आयरिश आइज’ वाजवायला सांगितलं. तो अदबीनं म्हणाला, “मॅडम, ते अमेरिकन गाणं आहे.” ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. तरी दर वेळी सांगताना हातातलं फडकं दोनदा घडी घालायच्या.

काही वर्षांपूर्वी बाई गेल्या. चर्चमध्ये अंत्यविधीच्या प्रार्थनेत, मिसाच्या वेळी, ‘डॅनी बॉय’ हे गाणं म्हणू दिलं नाही. बऱ्याच पॅरिशमध्ये लौकिक गाणी चालत नाहीत, फादरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून मग नंतर जेवणाच्या हॉलमध्ये त्यांचा थोरला मुलगा, निवृत्त अग्निशामक, खुर्चीला धरून उभा राहिला आणि म्हणाला. वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटला. मी शेजारी बसून नको तो विचार करत होते, की हेही गाणं इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वेदरली या वकिलानं लिहिलेलं. शब्द त्याच्याकडे १९१० पासून पडून होते. १९१२ मध्ये त्याच्या भावजयीनं अमेरिकेतल्या कोलोराडोहून एक चाल पाठवली, ती शब्दांना बसली आणि १९१३ ला गाणं छापून आलं. ती चाल त्याआधी आयर्लंडच्या उत्तरेकडच्या लिमावाडीच्या जेन रॉस या बाईंनी कुणा वादकाकडून टिपली होती, आणि १८५५ च्या एका संग्रहात ती आली. वाजवणाऱ्याचं नाव त्यांनी लिहून ठेवलं नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि डोळ्यांतलं पाणी तरीही थांबत नव्हतं. त्या गाण्यात कोण कुणाला निरोप देतंय हेसुद्धा स्पष्ट नाही. बाप, आई, प्रेयसी, कुणीही असू शकतं. त्या हॉलमध्ये ती आई होती.

मुलानं घर आवरताना रेकॉर्ड प्लेयर आणि रेकॉर्डींचं खोकं आमच्याकडे आणून ठेवलं. बरेच दिवस ते तसंच होतं. मला वाटायचं, माझ्या घरात या गाण्यांचं काय काम? माझं गाव अजून आहे, फोन उचलतं, भांडतं.

परवा लेक आली होती. तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते. मराठी कळतं, बोलायला लागली की क्रियापदं चुकतात. रत्नागिरीच्या घरी एकूण चार वेळा गेली आहे, तिथलं तिला काय आठवतं विचारलं तर आजीच्या साडीचा वास आणि ओला जिना म्हणते. मी भाजी चिरत होते. तिनं खोकं उघडलं, धूळ झटकली आणि तबकडी लावली. खरखर झाली, मॅकॉर्मॅक आला. मी हात थांबवला नाही. ध्रुवपद संपत आलं, तो ‘मदर’ म्हणाला, सुई उडाली.

“मॅक्री,” लेक म्हणाली. मोबाइलमधून मान वर न करता, बरोब्बर वेळेला.

मग दुसरं कडवं सुरू झालं, आणि तिनं विचारलं, “आई, आज आमटीत कोकम घालणार ना?”